डावीकडची शिडी

मित्रांनो, लोखंडी कपाटाच्या दुसऱ्या खणात, रुमालांच्या घड्यांशेजारी, शिवण उसवलेल्या चामडी पिशवीत जो बसलेला असतो तो मी. मी एक जुना, रोल घालायचा कॅमेरा आहे. रोल म्हणजे काय हे तुमच्यातल्या काहींना माहीत नसेल. ती फिल्मची गुंडाळी असते. एका गुंडाळीवर छत्तीस फोटो मावतात आणि सगळा रोल धुऊन होईपर्यंत पहिला फोटो कसा आला हे कुणालाही कळत नाही. मला मात्र त्याच क्षणी कळते. पण मला सांगता येत नाही. माझे सगळे दुःख या एका गोष्टीत आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी माझे भिंग बसवले, बटण शेकडो वेळा दाबून पाहिले आणि मला खोक्यात घातले. पुढे दुकानातून मला एका रंगाऱ्याने घेतले. तो घरांना रंग देण्याचे काम करी. त्याला मुलगी झाली त्या आठवड्यातली ही गोष्ट. पैसे देताना त्याच्या नखांत पिस्ता रंग अडकलेला होता, हे मला अजून आठवते.

त्या घरात माझे फार कौतुक झाले. मुलीचे पहिले पाऊल मी टिपले, तिचा पडलेला दात टिपला, शाळेतले बक्षीस टिपले. शेजारीपाजारी मला मागून नेत आणि परत आणून देताना म्हणत, “फोटो काय आलेत हो, आरशासारखे!” माझ्या अंगावर मांस नाही, तरी ते मूठभर चढे.

मग फोटो काढणारे फोन आले. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या पेठेत राहायला गेली. मला पेटीत, ब्लँकेटांच्या खाली, डांबरगोळ्यांच्या सोबतीला ठेवून दिले. तिथे मी चौदा वर्षे काढली.

मला बाहेर काढले ते रंगाऱ्याच्या बायकोने. ती औषधांच्या कारखान्यात होती. तिच्यासमोरून पट्ट्यावर गोळ्यांची पाकिटे सरकत जात. एखाद्या पाकिटात एक खण रिकामा राहिला असेल तर ते नेमके उचलून बाजूला टाकायचे, हे तिचे काम. तीस वर्षे तिच्या नजरेतून रिकामा खण सुटला नाही. कारखान्यात तिला सगळे ‘दुर्बीण’ म्हणत. मीही तिला दुर्बीणच म्हणतो.

निवृत्त झाल्यावर पहिल्या सोमवारी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, “अहो, अकरा वाजता आपल्या ओट्यावर ऊन येतं?”

“येतं की. कायमच येतं.”

“मला माहीतच नव्हतं. तीस वर्षं मी हे घर अंधारातच सोडलं आणि अंधारातच परत आले, सुट्टीचा दिवस कामांत गेला. दिवसाचं घर कसं दिसतं ते मी पाहिलेलंच नाही.”

त्याच दिवशी तिने पेटी उघडली. फोनवर फोटो काढायला ती तयार नव्हती. “त्यात शंभर काढायचे आणि एकही बघायचा नाही. मला रोज एकच काढायचाय, पण नीट बघून,” ती म्हणाली. शहरात रोल धुणारा एकच स्टुडिओ उरला होता. तिथे माझी साफसफाई झाली, आणि माझे दुसरे आयुष्य सुरू झाले.

मित्रांनो, ते दिवस फार सुखाचे होते. आम्ही घर सोडून कुठेही गेलो नाही. ओट्यावरचे ऊन, निवत ठेवलेल्या दुधावरची साय, तीन वाजता फरशीवर पडणारी गजांची सावली, गल्लीतल्या मांजरीने पायपुसण्यावर मांडलेला संसार. फोटो काढण्याआधी ती बराच वेळ नुसती बघत राही. मग डावा डोळा मिटून उजवा माझ्या बघायच्या छोट्या खिडकीला लावी. तिची पापणी मला लागे. फोटो आले की मागे तारीख घालून ती ते शर्टाच्या खोक्यात ठेवी.

चौथ्या रोलापासून काहीतरी चुकू लागले.

एके दिवशी ती खिडकीतल्या पाण्याच्या तांब्याचा फोटो काढत होती. माझ्या डाव्या कडेला बादलीची कडी आली होती. असली नको ती वस्तू ती कधी आत येऊ देत नसे. मला वाटले, आता ती जरा सरकेल. ती सरकली नाही. बटण दाबले गेले. दोन दिवसांनी डावीकडून अर्धा झाडू आला. मग तिचीच पिशवी, मग दाराची चौकट. दर वेळी डावीकडूनच. मला सगळे दिसत होते, पण मला लावलेल्या त्या डोळ्याला दिसत नव्हते.

फोटो आले तेव्हा ती चक्रावली. “अगं बाई, हा झाडू कुठून आला?”

रविवारी आलेली मुलगी हसून हसून लोटपोट झाली. “आई, तुझ्या प्रत्येक फोटोत झाडूच हिरॉईन!”

सगळे हसले. दुर्बीणही हसली, पण दुसऱ्या दिवशी मला स्टुडिओत घेऊन गेली. स्टुडिओवाल्याने मला उलटेसुलटे केले, फुंकर मारली आणि निकाल दिला, “बाई, कॅमेरा म्हातारा झालाय. खिडकीतून जे दिसतं आणि फोटोत जे येतं, त्यात या जुन्या मॉडेलांत थोडा फरक पडायचाच.”

फरक होता, पण बोटभराचा. अर्ध्या झाडूचा नव्हता! मी निर्दोष आहे, तिचा डोळा तपासा, असे ओरडून सांगावेसे वाटले. पण तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असाच. तिने मला पुसून पिशवीत ठेवले आणि प्रेमाने म्हणाली, “असू दे. म्हातारपण कुणाला चुकलंय?” त्या प्रेमाने मला जास्तच लागले.

आठव्या रोलाच्या वेळी रंगाऱ्याने स्वतःचे घर रंगवायला काढले. जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या आणि स्वतःच्या भिंतीचे पोपडे निघाले, यावरून बायको त्याला टोमणे मारत असे. त्या सकाळी अंगणाकडच्या भिंतीचा अर्धा भाग रंगून झाला होता. नवा रंग आणि जुना रंग एकाच फोटोत हवा म्हणून दुर्बीण मला आणायला आत गेली. तेवढ्यात रंगाऱ्याने शिडी दाराच्या दुसऱ्या बाजूला, डावीकडे आणून टेकवली आणि तो वर चढला. हे तिला ठाऊक नव्हते.

ती बाहेर आली ती मला डोळ्याला लावूनच. भिंतीचा जुना रंग आत येईना म्हणून ती एकेक पाऊल डावीकडे सरकू लागली. माझ्या कडेला शिडीचा एक पाय आला. मग पायऱ्या आल्या. मग रंगाने माखलेल्या चपला आणि त्याच्या पोटऱ्या आल्या. बाई, थांब! फोटोचा डावा भाग सगळा शिडीने भरला होता. तिने बटण दाबले आणि आणखी एक पाऊल टाकले.

तिचा खांदा शिडीला लागला. शिडी घसरली. रंगारी फरशीवर उजव्या हातावर पडला. मीही पडलो आणि एका कोपऱ्याला चेपलो, पण माझे मागचे दार उघडले नाही, म्हणून आतला रोल वाचला.

त्याचे मनगट दोन ठिकाणी मोडले. बघायला आलेले लोक हळू आवाजात म्हणत, “फोटोच्या नादात बघा काय झालं.” दुर्बिणीने मला कपाटात टाकले. रोज सकाळी नवऱ्याला भरवताना ती एकच वाक्य म्हणे, “एवढी मोठी शिडी मला दिसली कशी नाही हो?” तो म्हणे, “जाऊ दे गं.” आणि मी चार पावलांवर, बंद दाराआड, उत्तर पोटात घेऊन पडून होतो.

तीन आठवडे असे गेले. प्लास्टर घातलेल्या रंगाऱ्याला दिवस जाता जाईना. अर्धवट रोल वाया का घालवायचा म्हणून एक दिवस त्याने मला गळ्यात अडकवले आणि स्टुडिओत नेले. शेवटचा फोटो हातात आला तेव्हा त्याने तो काउंटरवर ठेवून निरखला. शिडी होती. त्याचे स्वतःचे पाय होते.

घरी येऊन त्याने शर्टाचे खोके उपडे केले आणि डाव्या हाताने सगळे फोटो तारखेप्रमाणे फरशीवर लावले. भिंत रंगवणारा माणूस आधी कडा बघतो. तो मधले काही बघतच नव्हता. पहिले तीन रोल स्वच्छ होते. चौथ्यापासून डावी कड बिघडत गेलेली त्याला ओळीने दिसली.

“इकडे ये,” त्याने बायकोला हाक मारली. “डावा डोळा झाक. आता माझ्या नाकाकडे बघ. नजर हलवू नकोस.”

“हे काय भलतंच? माझी नजर कशी आहे ते कारखान्यात विचारा जाऊन.”

“झाक म्हणतो ना.”

तिने डोळा झाकला. त्याने आपला चांगला हात तिच्या डाव्या बाजूला उंच धरला.

“बोटं किती?”

“कुठली बोटं?” दुर्बिणीने विचारले.

त्याने हात तसाच धरून ठेवला. तिने झाकलेला डोळा उघडला, तेव्हा हात तिला दिसला. ती तिथेच फोटोंच्या मध्ये खाली बसली.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. हा आजार दुखत नाही, खुपत नाही, गुपचूप कडेने नजर खात येतो. एका डोळ्याचे गेलेले दुसरा भरून काढतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. “गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखायचं,” डॉक्टर म्हणाले. “सहा महिने आधी आला असतात तर पुष्कळ राखता आलं असतं.” सहा महिन्यांपूर्वी मी बादलीची कडी पाहिली होती.

रंगाऱ्याचा हात जुळला, पण वाकडा. तो आता खांद्याच्या वर जात नाही. अंगणाकडची भिंत अजून अर्धीच रंगलेली आहे. दुर्बिणीच्या डोळ्यांत दिवसातून दोन वेळा थेंब घातले जातात. डावा डोळा बराच चांगला निघाला, म्हणून ती आता मला डाव्या डोळ्याला लावते. “दिवसाचं घर अजून पुरतं बघून झालं नाही माझं,” असे ती डॉक्टरांनाही म्हणाली. नव्या रोलाचे फोटो स्वच्छ आले. मुलीने फोनवर चिडवले, “आई, झाडूला काढून टाकलंस वाटतं!” त्या दिवशी घर कितीतरी दिवसांनी हसले.

पण मित्रांनो, त्यापुढच्या रोलावर परवा तिने दोरीवरच्या चादरीचा फोटो काढला. माझ्या उजव्या कडेला चिमट्यांची टोपली आली होती. ती सरकली नाही. काल उजवीकडून खुर्चीचा पाय आला. पुढची तपासणी दीड महिन्यावर आहे. रोल मात्र त्याआधी संपेल, रंगारी तो धुवायला नेईल, आणि तो कडा बघतो, एवढाच माझा भरवसा. काढलेले फोटो मोजणारा माझ्यावरचा आकडा पंचवीसवर आहे. म्हणजे अजून अकरा फोटो, अकरा दिवस. ती रोज एकच काढते. मला तिला घाई करता येत नाही.

तुमच्या घरात कुणी पुन्हा पुन्हा एकाच बाजूच्या चौकटीला धडकत असेल, कुणाच्या हातून एकाच बाजूचा पेला सांडत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. त्यांचा हात धरा आणि डोळे दाखवायला घेऊन जा. अकरा दिवस थांबू नका.