पेन्सिलने लिहिलेलं नाव

अशी कल्पना करा, की तुम्ही दहा वर्षांचे आहात. मे महिन्यातला शुक्रवार, बाहेर डांबर मऊ व्हावं असं ऊन, आणि पन्नास मोठी माणसं तुमच्याकडे बघत गप्प बसली आहेत. तुमच्या हातात नावांची यादी आहे. त्यातलं कुणीही आता जिवंत नाही. फुटेल का तुमचा आवाज?

श्रावस्तीवर ही वेळ आली, आणि तिच्या वडिलांना, सुजीतला, ते बघत बसावं लागलं.

सुजीत मूळचा नागपूरचा. बहारीनमध्ये एसी दुरुस्त करायचा. मे लागला की त्याची झोप संपायची. त्या दिवशीही सीफमधल्या एका टॉवरच्या गच्चीवर पहाटेपासून राबून तो तसाच नईम वस्तीतल्या हॉलवर आला होता.

या हॉलमध्ये श्रीलंकेचे सिंहली बौद्ध जमत. सुजीतचं कुटुंबही दर पौर्णिमेला तिथे वंदनेला जाई. मे महिन्यात ते लोक आपल्या देशात तमिळ बंडखोरांशी झालेल्या यादवी युद्धात मेलेल्या सैनिकांची आठवण करत. तिकडे तो दिवस सरकार पाळतं. इथे होती फक्त एक पितळी झारी आणि एक वाटी. नाव वाचलं, की त्या घरच्या माणसाने झारीला हात लावून वाटीत पाणी ओतायचं, मेलेल्याला पुण्य पोचावं म्हणून. वाचताना घरच्यांचा गळा दाटतो, म्हणून वाचणारं बाहेरचं हवं. झारी धरणाऱ्या नेलूम आंटीचा भाऊही यादीत होता. तिनेच श्रावस्तीला निवडलं होतं.

सुरुवातीआधी सुजीतने यादी पाहिली. अकरा नावं छापलेली. खाली पेन्सिलने बारावं: कुगन.

"हे काहून लिवलं तू?"

"तवमणी आंटीचा ब्रदर आहे, पप्पा. तुम्हीच बोलले ना, वॉरमध्ये मेले त्या सगळ्यांचं असते म्हणून."

बोलला होता खरा. तवमणी आंटी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायची, लाँड्रीत काम करायची. शाळा सुटली की श्रावस्ती तिच्याकडेच असे. तीही श्रीलंकेचीच, पण तमिळ. भाऊ सैनिक नव्हता. पावाच्या रांगेत उभा असताना तोफगोळा पडला. युद्ध तेच, बाजू पलीकडची. एका देशाची माणसं, तर दुःखही एकच, असं सुजीत धरून चालला होता. कुणाला विचारलं नव्हतं.

"खोड ते, बेटा. इथं यांच्या घरचे बसले आहेत. भांडण होईल. मले आज कोणाशी बोलायची ताकद नाही."

"पण ती आलीये. मीच बोलावलं."

तवमणी दारापाशी, चपलांच्या ढिगाजवळ उभी होती, कामाच्याच कपड्यांत. भावाचं नाव चार माणसांत तिने कधी ऐकलं नव्हतं.

"अकरा वाच आन् खाली बस. समजलं?"

त्याच्या हातून यादी घेऊन श्रावस्ती पुढे जाऊन उभी राहिली.

ती वाचत गेली. एकेक माणूस उठला, पाणी ओतून डोळे पुसत बसला. अकरावं नाव झालं.

"खलास?" नेलूमने विचारलं.

सुजीतने मान खाली घातली. उठावं, मुलीला हाताला धरून घरी न्यावं, असं त्याला वाटलं. पण तो बसूनच राहिला.

"मफी खलास, आंटी. वन मोअर." संपली नाही, असं इथल्या मोडक्या अरबीत सांगत श्रावस्तीने कागद वर धरला. "कुगन."

कुजबूज झाली. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "विच रेजिमेंट?"

"नो रेजिमेंट, अंकल. ही वॉज स्टँडिंग फॉर ब्रेड."

नेलूम झारी धरून तशीच बसली; ती वाकवेना, की खालीही ठेवेना. दारातल्या तवमणीला पाऊल टाकता येईना.

श्रावस्तीने कागद जमिनीवर ठेवला, नेलूमसमोर जाऊन बसली आणि तिच्या हाताशेजारी झारीला आपला हात लावला.