पिवळे, १ ते ४७

खोकं सापडलं माळ्यावर, बंद पडलेल्या पंख्याच्या मागे. त्यावर नवऱ्याच्या अक्षरात लिहिलं होतं: "पिवळे, १ ते ४७".

अक्षर ओळखायला काही अडचण नव्हती. ज्या माणसाची हयात "लिफ्ट बंद आहे, जिना वापरा" अशा पाट्या लिहिण्यात गेली, त्याचं अक्षर रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येतं. अडचण होती ती पहिल्या शब्दाची. पिवळी पुस्तकं म्हणजे काय, हे मराठी वाचणाऱ्याला कुणी समजावून सांगत नाही. ती दप्तराच्या तळाशी सापडतात आणि पालकांना शाळेत बोलावणं येतं. खोक्यात पुस्तकं नव्हती, व्हिडिओ कॅसेटी होत्या. म्हणजे त्याच कुळातल्या, फक्त हलणाऱ्या. मूळ कव्हरं काढून पांढऱ्या पाकिटांत घातलेल्या, प्रत्येकीवर क्रमांक. एखाददुसरी असती तर माणूस कानाडोळा करतो. सत्तेचाळीस कॅसेटींकडे कानाडोळा करायला कान आणि डोळे दोन्ही कमी पडतात.

डागबाई स्टुलावरच बसल्या. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात त्या सव्वीस वर्षं डाग काढायच्या टेबलावर होत्या, म्हणून सगळे त्यांना डागबाई म्हणत. तेल, शाई, गंज, रक्त, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांचा नियम एकच होता: डागाला हात लावण्याआधी तो कशाचा आहे ते विचारायचं. न विचारता घासलं की डाग पक्का होतो. गिऱ्हाईक लाजतं, खोटं बोलतं, चहाच्या डागाला शाई म्हणतं. तरी विचारायचं.

पण इथे विचारणार कुणाला? नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला लिफ्टवाले म्हणत; ते लिफ्टवाले जाऊन सहा महिने झाले होते. एका शुक्रवारी सकाळी कामावर निघाले आणि स्वतःच्याच इमारतीच्या जिन्यात बसले ते बसलेच. सुतासारखा सरळ माणूस, असं सगळे म्हणाले होते. डागबाईंनीही ते ऐकून मान डोलावली होती.

खोक्यात एक वही होती. ती उघडली नसती तर बरं झालं असतं, पण उघडायचं नाही म्हणून बाजूला ठेवलेली वही आजवर कुठल्या बायकोने उघडली नाही?

"१. बाई देखणी. सुरुवातीलाच संपली, वाईट वाटलं."

"३. काळे हातमोजे, कातडी. दार आतून बंद. मजा आली."

"९. तीन बायका, एक जिना. पडदे लाल. पुन्हा पाहण्यासारखा."

"११. लिफ्टमधला प्रसंग अशक्य. चालू लिफ्टचं दार असं उघडतच नाही."

हे शेवटचं वाचून तर त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. असले सिनेमे बघतानाही या माणसाचं लक्ष लिफ्टच्या दाराकडे!

मग चौदावी नोंद आली.

"१४. तिला फार आवडला. दोनदा पाहिला. मधे चहा."

डागबाईंनी ती ओळ तीनदा वाचली. एकतीस वर्षांच्या संसारात लिफ्टवाल्यांनी बायकोला कधी "ती" म्हटलं नव्हतं. बायको म्हणजे "ही". फोनवर, पाहुण्यांपुढे, डॉक्टरांसमोर: "ही घरात नाही", "हिला विचारून सांगतो", "हिचं डोकं दुखतंय". तेव्हा "हिला" आवडला असं लिहिलं असतं, तर आपण झोपेत पाहिला असेल असंही त्यांनी स्वतःला समजावलं असतं. पण "तिला" म्हणजे दुसरी. सव्वीस वर्षं लोकांचे डाग काढले आणि घरातला मात्र माळ्यावर होता. आणि सगळ्यांत लागलं ते "मधे चहा". बाकीचं एक वेळ पुरुषाची जात म्हणून सोडून दिलं असतं. चहा कुणी केला? कुठल्या कपांत?

पुढे वाचायची ताकद नव्हती. त्यांनी वही मिटली आणि कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या काढल्या. शनिवारी मुलगी येणार होती, बाबांची कपाटं आवरायला. मुलीच्या मनात बाप जसा होता तसाच राहायला हवा होता. आज गुरुवार, दुकानातून मुद्दाम सुट्टी घेतलेली. दुपारी तीनपर्यंत खोकं घराबाहेर. मग रडायचं असलं तर रडता येईल, असा साधारण बेत होता.

पस्तिसाव्या कॅसेटीपर्यंत पिशवी भरली, तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला.

"काय टाकतेस गं?" सासूबाई दारात उभ्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेले, कान मात्र दुसऱ्या मजल्यावरचं भांडण ऐकणारे.

"काही नाही, आई. जुनी अडगळ."

सासूबाईंनी पिशवीत काठी घालून ढवळलं. मग खोक्यात डोकावल्या.

"बाकीच्यांचं काय करायचं ते कर," त्या म्हणाल्या. "सत्तेचाळीस टाकू नकोस. तो अर्धा राहिलाय."

डागबाईंच्या तोंडून शब्द फुटले ते भलतेच. "म्हणजे चहा तुम्हाला होता?"

"कसला चहा?"

"चौदाच्या मधला."

"चौदा," सासूबाईंचा चेहरा थोडा सैल झाला. "आरशातल्या बाईचा. फार छान होता. हो, चहा त्यानेच केला होता. साखर विसरला."

डागबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. सून सासूला "त्या" म्हणते. पण मुलासाठी आई ही "ती"च असते. एकतीस वर्षं एका घरात राहून हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण सासूबाई कुणाची "ती" असतील ही कल्पनाच करवत नव्हती. लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ हलकंही वाटलं. मग तिसरी एक शंकेची पाल चुकचुकली.

"पण आई, तुम्ही... पिवळे सिनेमे?"

"खुनाचे," सासूबाई म्हणाल्या. "इटलीचे. तिकडे म्हणे खुनाची पुस्तकं पिवळ्या कव्हरात यायची, म्हणून त्या सिनेमांनाही पिवळेच म्हणतात. व्हिडिओवाल्याने दुकान बंद करताना सगळा गठ्ठा याला दिला आणि वर हे ज्ञान दिलं."

"आपल्यात पिवळं कशाला म्हणतात ते ठाऊक आहे ना?"

"मी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यात सगळं आलं.

पुढची हकिकत त्यांनी पलंगावर बसून सांगितली. लिफ्टवाल्यांची सुट्टी गुरुवारी, डागबाईंची रविवारी. शेवटचं वर्षभर दर गुरुवारी दुपारी मायलेक सासूबाईंच्या खोलीत पडदे ओढून बसत. फुलदाणीखाली विणलेल्या कापडाने झाकलेलं ते व्हिडिओचं यंत्र बिघडलंय अशी डागबाईंची समजूत होती. ते ठणठणीत होतं. फुलदाणी गुरुवारी खाली उतरे आणि पाचच्या आत परत वर जाई. कव्हरं सासूबाईंनी काढायला लावली होती. "कव्हरावर मेलेली बाई छापतात. मग कोण मरणार ते आधीच कळतं. मजा काय राहिली?"

"मला कधी सांगितलं नाही ते?"

"तू एकदा सिनेमा अर्धा टाकून उठली होतीस. दिवसभर लोकांचं रक्त घासते, घरी तरी नको, असं म्हणाली होतीस. ते त्याने धरून ठेवलं. आणि मीही म्हटलं, सुनेला सांगू नकोस. म्हातारीला खून बघायला आवडतात, असं चार जणींत सांगत सुटेल."

"मी कशाला सांगेन?"

सासूबाईंनी या प्रश्नाकडे शांतपणे दुर्लक्ष केलं.

"पण त्यात आवडण्यासारखं असतं तरी काय?" डागबाईंनी विचारलं.

"घरं छान असतात. जिने, दिवे, भिंतीचे कागद. बायका झोपतानासुद्धा चापूनचोपून तयार. बोलतात एक, ओठ हलतात दुसरेच, म्हणून आम्ही आवाज बंद करायचो आणि तो सगळ्यांचं बोलणं मनाने रचून सांगायचा. इन्स्पेक्टरला सर्दी झालेली असायची." सासूबाई थांबल्या. "आणि कितीही माणसं मेली, तरी दीड तासात कुणी केलं ते कळतं. इथे सहा महिने झाले. माझा मुलगा जिन्यात गेला. कुणी केलं ते कुणी सांगितलं नाही मला."

डागबाई त्यांच्याशेजारी बसल्या. अंत्यसंस्काराच्या दिवशीही त्या इतक्या जवळ बसल्या नव्हत्या.

मग डागबाईंनी फुलदाणी उतरवली.

"मागे नेऊ नकोस," सासूबाईंनी बजावलं. "जिथे थांबलाय तिथूनच. त्या गुरुवारी वीज गेली. म्हणाला, पुढच्या गुरुवारी बघू. आणि शुक्रवारी तो गेला."

पडद्यावर आधी पट्टे आले, मग एक बंगला आला. रंग विटलेले, लाल तेवढा तग धरून. सासूबाईंनी पूर्वकथा सांगितली: चाकाच्या खुर्चीतली श्रीमंत म्हातारी, तिचा मुलगा, सून, घरचा डॉक्टर आणि माळी. दोन खून झालेले. खुनी काळे हातमोजे आणि फिकट लोकरी कोट घालतो. तसा कोट डॉक्टरकडे आहे. दुसऱ्या खुनानंतर कोटाच्या बाहीवर रक्ताचा डाग दिसला होता, आणि लगेच पुढच्या प्रसंगात डॉक्टर आला तो स्वच्छ बाही घेऊन. तिथेच वीज गेली होती.

"तुमचा संशय कुणावर?"

"सुनेवर," सासूबाई म्हणाल्या. "माझा नेहमी सुनेवरच असतो."

"किती वेळा खरा ठरला?"

"अजून एकदाही नाही. पण मी सोडत नाही."

डॉक्टर पडद्यावर चहा पीत होता. डागबाई पुढे सरकल्या आणि त्यांनी चित्र थांबवलं. चित्र थरथरत उभं राहिलं.

"हा धुतलेला कोट नाही," त्या म्हणाल्या. "लोकरीवरचं रक्त असं तासाभरात निघत नाही. आणि काढलं तरी ती जागा मऊ पडते, ओळखू येते. या बाहीला कधी डागच पडलेला नाही. कोट दोन आहेत."

सासूबाईंनी चष्मा पुसला. "पुढे चल."

पुढे माळी मेला. बिचाऱ्याचं रक्त रंगाच्या डब्यातून सांडल्यासारखं होतं. डागबाईंनी "हे नुसत्या पाण्याने निघेल" असा शेरा मारला आणि सासूबाईंनी त्यांना गप्प केलं. खुनी जिन्याच्या वळणावर क्षणभर दिसला: हातमोजे, टोपी, कोट. डागबाईंनी पुन्हा चित्र थांबवलं.

"बटणं डाव्या बाजूला आहेत. हा बायकांचा कोट आहे, आई."

"आरशात नाही ना? हे लोक आरशात फार फसवतात."

"आरसा नाही. मागे भिंत आहे."

नेमका तेव्हाच फोन वाजला. मुलगी होती. आई एकटी काय करत असेल, या काळजीने तिचा आवाज आधीच ओला झालेला.

"आजी आणि मी पिवळे सिनेमे बघतोय," डागबाई म्हणाल्या. डोळे पडद्यावर. "बाबांचे आहेत. माळ्यावर सत्तेचाळीस सापडले. बाबा आणि आजी दर गुरुवारी बघायचे."

"मी उद्याच येते," मुलगी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

शेवटच्या दहा मिनिटांत म्हाताऱ्या बाईने खुर्चीतून वाकून खुन्याची टोपी ओढली. केस मोकळे झाले. सून.

सासूबाई हसल्या नाहीत, टाळी वाजवली नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसून राहिल्या. "सत्तेचाळिसात पहिल्यांदा," त्या म्हणाल्या. "आणि तो बघायला नाही." मग त्यांचा आवाज फाटला आणि त्या रडल्या. सहा महिने ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, म्हणून चार लोक चार गोष्टी बोलले होते, त्या सासूबाई सुनेच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. डागबाईही रडल्या. पडद्यावर सुनेला पोलीस घेऊन गेले, इन्स्पेक्टरने गाडीचं दार लावलं, पट्टे आले.

"वहीत लिही," बऱ्याच वेळाने सासूबाई म्हणाल्या. "तो प्रत्येकाचं लिहायचा. कोण निघालं, कुणाचा अंदाज खरा."

वही कचऱ्याच्या पिशवीत तळाशी गेली होती. डागबाईंनी ती काढली, पुसली आणि शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. ते त्यांनी सकाळी पाहिलंच नव्हतं.

"४७. अर्धा झाला, वीज गेली. तिचा संशय सुनेवर (नेहमीप्रमाणे). माझा डॉक्टरवर. पण बाहीवरचा डाग इतक्या लवकर गेला कसा? हिला विचारायला हवं."

डागबाईंनी शेवटचे तीन शब्द बोटाने झाकले आणि मग पुन्हा उघडे केले. चष्मा नीट केला, पेन शोधलं आणि खाली लिहिलं:

"डाग गेला नव्हता. कोट दुसरा होता. सून निघाली. त्या जिंकल्या."

मग ओळ सोडून, जरा लहान अक्षरात:

"अहो, विचारायचं होतं ना."