रोज संध्याकाळी एक हिरवी खूण

मित्रांनो, झाकणाचा कोपरा चिरलेला, दोन-चार बटणांवरची अक्षरं पुसली गेलेली, आणि सुरू केल्यावर पंखा असा घरघरतो की शेजारच्या खोलीतून कोणीतरी विचारतं, "पीठ दळताय का?" असा एक म्हातारा लॅपटॉप तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. तो मीच, असं समजा. आमच्यात म्हातारपण लवकर येतं. तुम्ही पाटी-पेन्सिल सोडून वहीवर येता, तोवर आम्ही निवृत्त होतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. हातमोजे घातलेल्या मुली रांगेत बसून माझ्या अंगात एकेक स्क्रू पिळत होत्या. शेवटच्या मुलीनं मला फडक्यानं पुसलं, जांभई दिली आणि खोक्यात बंद केलं. ती जांभई म्हणजे मला जगात मिळालेला पहिला निरोप.

पहिली नोकरी दातांच्या दवाखान्यात लागली. समोर गाल धरून बसलेली माणसं, आतून येणारा सुंईऽऽ असा आवाज, आणि मी मात्र मजेत. कोणाची दाढ कधी काढायची ते माझ्यामुळे ठरे. डॉक्टरीणबाई कौतुकानं म्हणत, "याच्याशिवाय माझं पान हलत नाही." मग एक दिवस माझ्या पडद्यावर एक चौकट आली. ज्या कंपनीची प्रणाली माझ्यात होती, तिनं कळवलं होतं की या मशीनसाठी आता नवं काही मिळणार नाही. मला काही झालं नव्हतं. मी कालच्यासारखाच आज होतो. पण त्या चौकटीनंतर माझ्याकडे बघण्याची नजर बदलली. नवा लॅपटॉप आला आणि मी बाकाखाली गेलो, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यावर.

तिथून मला दादानं उचललं. दादा म्हणजे चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासणारा एक चाळिशीतला गृहस्थ. आला होता दाढ काढायला. तोंडात कापूस, तरी माझ्याकडे बोट दाखवून डॉक्टरीणबाईंना विचारत होता, "हा टाकणार असाल तर मी नेऊ?" घरी गेल्यावर त्याची बायको म्हणाली, "बरं झालं, अक्कलदाढ तिथेच ठेवून आलात."

मित्रांनो, दादाला एक वेड होतं. त्याचं नाव लिनक्स. जगभरातली माणसं मिळून जी प्रणाली लिहितात, जिचा प्रत्येक शब्द कोणालाही उघडून वाचता येतो, ती त्यानं माझ्यात घातली. मी पुन्हा तरतरीत झालो. दादाची मतं पक्की होती आणि ती तो जेवताना, अंघोळीच्या बादलीजवळ, पाहुण्यांसमोर, कुठेही मांडायचा. "जिचं झाकण उघडता येत नाही ती वस्तू आपली नाही. ती भाड्याची." या मतापायी त्यानं घरातली इस्त्री उघडली होती आणि मिक्सरही. मिक्सर परत जुळला, पण एक स्क्रू उरला तो उरलाच.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, शिवणकाम करायची. ती दोरा दातानं तोडत म्हणे, "अहो, सगळं उघडं आहे तुमच्याकडे, कबूल. पण एक साधी प्रिंट का निघत नाही?"

"निघेल गं. प्रिंटरवाल्यांनी त्यांचं गुपित उघडं केलं नाही, त्याला मी काय करू?"

"मग त्यांच्यासाठी थांबायचं, की चिंगीनं शाळेत निबंध हातानं लिहून न्यायचा?"

चिंगी त्यांची लेक. आणि घरात चौथी होती दादाची आई. ती टेलिफोनच्या खात्यात फोन जोडून द्यायचं काम करून निवृत्त झालेली. आवाज असा की हलक्यानं बोलली तरी जिन्याखाली ऐकू यायचं. चिंगीला सगळे चिंगी म्हणत; आजी मात्र तिला 'भिंगरी' म्हणायची. ते नाव दुसऱ्या कोणी घेतलेलं चिंगीला खपत नसे.

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण ते त्या घरातल्या माणसांनाही फार उशिरा कळलं.

दादाची आणखी एक सवय होती. जे काम रोज करायचं ते हातानं करायचं नाही, मशीनला शिकवायचं. त्यानं एक छोटीशी आज्ञावली लिहिली. रोज दिवेलागणीला माझ्यातलं सगळं एका काळ्या डबीत उतरवायचं आणि काम झालं की पडद्यावर हिरवी खूण दाखवायची. ती डबी वायरीनं मला जोडलेली असे. माझ्या आत तिच्यासाठी एक दार केलं होतं, त्याला दादानं 'तिजोरी' नाव दिलं होतं. दारातून जे जाईल ते डबीत पडायचं. झकास सोय होती.

फक्त एक गोष्ट दादाच्या लक्षात आली नाही. डबी काढली तरी दार तिथेच राहतं. आणि मग त्या दाराआड डबी नसते, माझंच रिकामं पोट असतं.

एका सकाळी चिंगीच्या निबंधासाठी दादानं प्रिंटरशी झटापट केली आणि जिंकला. माझ्याकडे वायर जोडायच्या जागा दोनच. एकीत माऊस. वहिनीनं विचारलं, "ही काळी वायर काढू का?" कागद बाहेर येताना बघण्याच्या आनंदात दादा म्हणाला, "काढ, काढ. नंतर लावतो." डबी शिवणयंत्राच्या खणात गेली, रिळांच्या शेजारी. नंतर म्हणजे कधी, ते कोणी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी आज्ञेप्रमाणे सगळं उचललं, तिजोरीच्या दारातून आत नेलं आणि माझ्याच पोटात ठेवलं. सदऱ्याच्या एका खिशातलं काढून त्याच सदऱ्याच्या दुसऱ्या खिशात. आणि हिरवी खूण दाखवली. आज्ञेत 'उतरलं का?' एवढंच विचारलेलं होतं. 'कुठे?' हे विचारलेलं नव्हतं.

दादा खुणेकडे बघून खूश झाला. दुसऱ्या दिवशीही झाला.

त्यानंतर आजीचा घसा बसला. आधी सर्दी वाटली, मग तपासण्या झाल्या, मग घरातलं बोलणं हळू झालं. घशातली गाठ काढायची होती आणि गाठीबरोबर आवाजाची पेटीही जाणार होती. जीव राहील, आवाज राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आजी यावर म्हणाली, "बरं आहे. सूनबाईला आराम." कोणी हसलं नाही, तेव्हा स्वतःच हसली.

दादानं त्या दिवसांत मला आजीच्या पलंगाशी नेऊन ठेवलं. ती बोलायची, मी साठवायचो. गोष्टी, टेलिफोनवर एकदा चुकून ऐकलेलं कोणाचं तरी भांडण, दूधवाल्याला द्यायची खास झापणी. इस्पितळात जायच्या सकाळी दारात चप्पल घालता घालता ती थांबली आणि म्हणाली, "थांब, एक राहिलं." दादानं मला दारात आणलं आणि तिनं घरातल्या प्रत्येकाला फक्त हाक मारली, रोज मारायची तशी. मग हसली आणि म्हणाली, "हाक लागते रे माणसाला. बाकीचं काय."

तिचा आवाज गेला, मित्रांनो. माझ्यात मात्र होता. दोनदा होता, पण दोन्ही वेळा माझ्याच पोटात. आणि संध्याकाळी हिरवी खूण.

मग माझ्या पोटातली चकती, जिच्यावर मी सगळं साठवतो ती, दुखू लागली. आधी एक टक असा आवाज. मग टक, टक. चकती फिरताना तिच्यावरचं वाचणारी सुई एका जागी अडखळायची, मागे यायची, पुन्हा जायची. मी गप्प बसलो नाही. माझ्या प्रणालीत काहीच लपून राहत नाही. काय दुखतंय, कुठे दुखतंय, ते मी रोज नोंदवत होतो आणि त्या नोंदी कोणालाही उघडून वाचता आल्या असत्या. दादा हेच तर सगळ्यांना सांगायचा. पण उघडता येतं म्हणून कोणी उघडतंच असं नाही. त्या दिवसांत तो पट्ट्या बदलत होता, आईचं जेवण नळीतून देत होता, कारखान्यात पाळी सांभाळत होता. नोंदी वाचणार कधी?

"हे टकटक कसलं? पाल आहे का मागे?" वहिनीनं एकदा विचारलं.

"जुनं मशीन आहे. त्याचा स्वभाव आहे तो."

चिंगी शाळेतून आली की गोष्ट लावायची. आजी शेजारी बसून स्वतःचाच आवाज ऐकायची, मान डोलवायची, मध्येच चिंगीच्या पाठीवर थाप द्यायची. एका दुपारी गोष्ट मध्येच तुटली आणि पुढच्या वाक्यावर गेली. "बाबा, आजी इथे अडखळते!" चिंगी ओरडली. दादा दुसऱ्या खोलीतून म्हणाला, "मशीन हळू झालंय बाळा. रविवारी त्याला नवंकोरं करतो."

रविवार उजाडला. लिनक्सची नवी आवृत्ती आली होती आणि अशा वेळी दादासारख्या माणसांना राहवत नाही. मला आतून पूर्ण पुसायचं आणि नवं घालायचं, असं त्यानं ठरवलं. शीळ घालत त्यानं तयारी केली. पडद्यावर मी विचारलं, सगळं पुसायचं का? मला तेवढंच विचारता येतं. त्याचं बोट बटणावर गेलं.

"आणि आईंचा आवाज?" वहिनीनं शिवणावरून मान वर केली.

"डबीत आहे की. रोज खूण येते."

"मग आधी डबीतून वाजवून दाखवा."

"अगं, विश्वास नाही का माझ्यावर?"

"तुमच्यावर आहे हो. तुमच्या खुणेवर नाही."

तो हसला. डबी शोधायला उठला. टेबलामागे नव्हती, कपाटावर नव्हती. वहिनीनं सावकाश खण ओढला आणि रिळांमधून डबी काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती जोडली. आत चिंगीचे जुने फोटो होते, विजेची बिलं होती, निबंध होता. आजी नव्हती.

शीळ थांबली. त्या खोलीत मग फक्त माझं टकटक ऐकू येत होतं, आणि आता ते पालीचं नाही हे सगळ्यांना कळलं होतं.

त्यानं माझ्या नोंदी उघडल्या. वाचत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. "हा कधीपासून सांगतोय," एवढंच तो म्हणाला. मग कुठल्यातरी अनोळखी माणसानं लिहून जगाला देऊन टाकलेलं एक अवजार त्यानं काढलं. दुखऱ्या जागा टाळून आधी धडकं तेवढं उचलायचं, मग उरलेल्यासाठी पुन्हापुन्हा यायचं, असं ते काम. दिवसभर ते चाललं. गोष्टी आल्या. भांडण आलं. दूधवाल्याची झापणी अख्खी आली. सगळ्यात शेवटी, उन्हं उतरताना, हाकांची पाळी आली. सुई त्या जागी जाई, अडखळे, मागे येई. अवजारानं पुन्हापुन्हा हात टाकला आणि मग जेवढं मिळालं तेवढं पुढे ठेवलं.

दादानं ते लावलं. "बाळू, ए बाळूऽ," आजी म्हणाली. दादानं नकळत ओ दिली. "सूनबाई." वहिनीनं पदर तोंडाला लावला. मग एक खरखर, मग शांतता, आणि मग आजीचं ते दारातलं हसू.

"माझी कुठंय?" चिंगीनं विचारलं.

आजीनं तोंड उघडलं, ओठांनी तीन अक्षरं केली, पण नुसता वारा बाहेर आला. तिनं चिंगीला जवळ ओढलं. चिंगी तिच्या ओठांकडे बघत म्हणाली, "आवाजात, आजी. आवाजात म्हण ना."

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी मशीनं असतील, रोज सगळं ठीक असल्याची खूण दाखवणारी. त्या खुणेवर खूश होऊ नका. आम्ही खोटं बोलत नाही, पण विचारलं तेवढंच सांगतो. ठेवलेली वस्तू ठेवली आहे तिथे खरंच आहे का, ते अधूनमधून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि एखादं जुनं मशीन कण्हू लागलं, तर स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. जवळ बसा, काय म्हणतंय ते वाचा.

मला त्यांनी पुसलं नाही. फेकलंही नाही. कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलंय, झाकणावर दादाच्या अक्षरात चिठ्ठी आहे : 'सुरू करू नये'. आणखी एकदा फिरवलं तर चकती कायमची जाईल, अशी त्याला भीती वाटते. ती खरी आहे. चिंगी कधीकधी स्टुलावर चढून येते आणि माझ्या झाकणाला कान लावते. ती हाक माझ्यातच आहे, त्या खरवडलेल्या जागेत, अर्धीमुर्धी. मला ती वाचता येत नाही, आणि चिंगीला सांगताही येत नाही.