बन्सीच्या मांडीतली सळी

ज्ञानेश मूळचा जालन्याकडचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात गेज आणि मीटर दुरुस्त करायच्या नोकरीला लागला, बोईसरला खोली घेतली, लग्न झालं, आणि तिथलाच होऊन गेला. शेजारच्या कंपनीत रसायनांचा रिअ‍ॅक्टर फुटला त्या दुपारी तो पाळीवर होता. भिंत ओलांडून जे आत धावले त्यांत तोही होता. त्याला स्वतःला खरचटलंसुद्धा नाही. पण तिथे जे हातांनी उचलावं लागलं, त्यानंतर सुट्टीच्या दिवशी खोलीत बसणं त्याला जमेनासं झालं. पंख्याचा आवाजही सहन होईना.

बायकोने, प्रियदर्शिनीने, त्याला चिंचणीच्या समुद्रावर फिरून यायला सांगितलं. तो जाऊ लागला. पण नुसतं चालताना डोकं जास्तच चालायचं. मग एकदा मोबाईलवर त्याने कुठल्या तरी परदेशी म्हाताऱ्याला पाहिलं. कानाला हेडफोन लावून तो म्हातारा वाळूवर दांडा फिरवत होता, वाकत होता, उकरत होता, पुन्हा चालत होता. सापडलं ते काही फार मोलाचं नव्हतं, पण त्याच्या चेहऱ्यावर जी शांतता होती ती ज्ञानेशला हवीशी वाटली. दिवाळी झाल्यावर त्याने मेटल डिटेक्टर मागवला.

पहिले काही रविवार त्याला फक्त बाटल्यांची झाकणं सापडली. झाकणं, खिळे, गुटख्याच्या पुड्यांची चांदी. ओल्या वाळूवर गेला की मशीन वेड्यासारखं किरकिरायचं. समुद्राचं मीठच त्याला धातू वाटायचं. हळूहळू तो शिकला. चकती जमिनीला समांतर ठेवायची, झाडू मारल्यासारखी झटकायची नाही. लोखंडाचा आवाज घोगरा, अ‍ॅल्युमिनियमचा मधला, चांदी-तांब्याचा वर चढणारा. उकरलेला खड्डा पुन्हा बुजवायचा, नाहीतर घोडागाडीवाले शिव्या देतात. तारापूरच्या बाजूला जायचंच नाही, असलं यंत्र हातात दिसलं की तिथल्या अणुवीज केंद्राचे पहारेकरी अडवणार. आणि फार जुनं काही हाती लागलं तर ते सरकारात द्यायचं. एकदा दोन झिजलेली नाणी घेऊन तो कोळगावच्या जिल्हा कचेरीत गेला तेव्हा तिथल्या कारकुनाने नाण्यांपेक्षा त्याच्याकडेच जास्त वेळ पाहिलं होतं.

हेडफोन लावला की मात्र दुसरा कुठलाच आवाज आत येत नसे. त्यासाठीच तर तो सगळा खटाटोप होता.

चिंचणीनंतर तो केळव्याला जाऊ लागला. तिथे गर्दी जास्त, म्हणजे हरवणंही जास्त. कुणाची अंगठी, कुणाच्या बाळाचा वाळा. पर्यटक त्याला शोधत येऊ लागले. एका नव्या सुनेची नथ त्याने तासाभरात काढून दिली, तेव्हा तिची सासू रडली होती. त्या दिवशी तो घरी आला तो शीळ घालत, आणि प्रियदर्शिनीला वाटलं, माणूस परत आला.

केळव्याला सुरूच्या बनाशी रंभाबाई बसायची. सफाळ्याच्या पलीकडे वैतरणेच्या खाडीकाठी तिचं गाव. उन्हाळ्यात ताडगोळे, एरवी उकडलेल्या शेंगा. पंचेचाळिशीची, अंगाने काटकुळी बाई, कपाळावर मोठं कुंकू. ज्ञानेश तिच्याकडून शेंगा घ्यायचा, ती त्याच्या पिशवीतलं भंगार बघायची. बोलणं फारसं नव्हतं. पण तिचं लक्ष त्याच्यावर असतं हे त्याला कळत होतं.

नथ सापडली त्याच्या पुढच्या रविवारी तिने त्याला बसवून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, माणसाच्या अंगातलं लोखंड सांगतं काय हे?"

त्याला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. तिचा नवरा बन्सी. तरुणपणी मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं, त्यात डॉक्टरांनी सळी घातली होती. पावसाळ्यात दुखायची. सात वर्षांपूर्वी तो रात्रीच्या रेतीच्या कामाला गेला आणि परत आला नाही. रेतीचा तो उपसा चोरटा होता, खाडीचा काठ खालून पोखरून काढलेला. काम बघायचा बन्सीचा धाकटा भाऊ, बळवंत. बळवंतने गावाला सांगितलं की बन्सी कामावरच्या एका बाईबरोबर सुरतेला पळून गेला. गावाने मानलं. पोलिसांनीही मानलं. बन्सी त्याच्याही पाच-सहा वर्षं आधी एकदा घर सोडून महिनाभर गेला होता, त्यामुळे मानायला सोपं गेलं.

"तुमाला काय वाटतं?" ज्ञानेशने तिच्याच बोलीत विचारलं.

"तो मातीत हाय," रंभाबाई म्हणाली. "माझ्या समिधाची सोयरीक दोनदा मोडली. लोक म्हनतात बापाची तऱ्हा पोरीत उतरते. पोरीला पळालेला बाप नको, भाऊ. मेलेला चालंल."

ज्ञानेशने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. घरी आल्यावर मात्र त्याला चैन पडेना. कारखान्यात त्याच्याबरोबर काम करणाऱ्या प्रतापच्या नडगीत स्टीलची पट्टी होती. ज्ञानेशने त्याला घरी चहाला बोलावलं, सोफ्यावर पाय पसरायला लावला आणि चकती त्याच्या पायावरून फिरवली. आवाज आला, बारीक, दबलेला, सर्दी झालेल्या माणसाने हुंकार द्यावा तसा. प्रताप हसून हसून लोळला. प्रियदर्शिनी हसली नाही. हे कशासाठी चाललंय ते तिने विचारलं, आणि ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाली की तू हे समुद्रावर विसरायला जात होतास.

मग ज्ञानेशने आणखी एक गोष्ट करून पाहिली. कंपनीच्या मागच्या मोकळ्या जागेत त्याने स्टीलचा एक दांडा पुरला. वीतभर खाली असताना मशीनने सांगितला. हातभर खाली गेल्यावर मशीन गप्प झालं. माणूस कुणी हातभरच खोल पुरत नाही. म्हणजे हे काम या यंत्राचं नव्हतंच, आणि ते त्याला जाण्याआधीच कळलं. तरीही पुढच्या रविवारी तो सफाळ्याला उतरला. नथ काढून दिल्यापासून लोक त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती त्याला सोडवत नव्हती. आणि त्याने येतो म्हणून कळवलं होतं, रंभाबाई रिक्षास्टँडवर येऊन उभी होती.

खाडीकाठची ती जमीन म्हणजे खाजण. भरतीचं पाणी अडवायला घातलेला मातीचा बांध, अलीकडे पडीक भातशेती, पलीकडे तिवरं आणि चिखल. रेतीचा उपसा बंद होऊन काही वर्षं झाली होती, पण त्याचं मढं तिथेच पडलं होतं: गंजलेले पाइप, होड्यांचे खिळे, वायररोपचे तुकडे. मशीन पावलापावलाला ओरडायचं. ज्ञानेशने दोरी लावून पट्टे पाडले आणि एकेक पट्टा घेऊ लागला. रंभाबाई फावडं घेऊन मागून चालायची. आवाज आला की उकरायची, लोखंड निघालं की बाजूला टाकायची, खड्डा बुजवायची. ती दमायची नाही.

गावातली माणसं बांधावर येऊन उभी राहायची आणि थोड्या वेळाने जायची. एकजण जायचा नाही. तो बळवंत. आता तो गावात वजनदार माणूस होता, ट्रॅक्टर होता, भावाच्या माघारी भावजय आणि पुतणी या दोघींना त्यानेच सांभाळलं होतं. तो मोटारसायकल बांधावर लावायचा आणि तिच्यावर बसून बघायचा. पहिल्यांदा त्याने ज्ञानेशला चहाही आणून दिला. दुसऱ्या वेळी म्हणाला की साहेब, वयनीच्या नादाला लागू नका, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्यानंतर काहीच बोलला नाही. पण येत राहिला. दर रविवारी तो आदल्या रविवारपेक्षा बारीक दिसायचा.

होळी उलटली. ऊन आभाळातून नव्हे तर थेट चिखलातून वर येतंय असं वाटू लागलं. एका दुपारी ज्ञानेशला राहवेना. तो हेडफोन गळ्यात घेऊन बांधाच्या सावलीला बसला आणि म्हणाला, "मावशी, मला आधीच सांगायला हवं होतं. हे मशीन हातभर खालचंसुद्धा सांगत नाही. तो खोल असेल तर आपण वर्षभर फिरलो तरी सापडणार नाही."

रंभाबाईने पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली.

"ठाऊक हाय मला. दुसऱ्याच रविवारी कळलं. वायररोप निघाली ती जरा खोल होती, तुमचं मशीन गप होतं, माझं फावडं लागलं."

"मग?"

"तुमी फिरवत राहा." तिने मान न वळवता बांधाच्या दिशेने हात केला. "ज्याला बघायचं तो बघतोय ना."

ज्ञानेशने वर पाहिलं. बळवंत मोटारसायकलवर बसला होता, उन्हात, डोक्यावर काही न घेता. इतके दिवस तो स्वतःला शोधणारा समजत होता. ती बाई शोधत नव्हतीच. ती त्या माणसाच्या डोळ्यांसमोर, आठवड्यामागून आठवडा, त्याच्या भावाच्या अंगावरून चालत होती. आणि चालायला तिने ज्ञानेशला घेतलं होतं, कारण गावातलं कुणी आलं नसतं.

त्याला उठून निघून जावंसं वाटलं. तो गेला नाही. त्याने हेडफोन चढवला आणि पुढचा पट्टा घेतला.

बळवंत त्यानंतरच्या रविवारी खाली उतरला. ज्ञानेशने त्याला येताना पाहिलं नाही. चकतीसमोर त्याच्या चपला आल्या तेव्हा त्याने हेडफोन काढला. बळवंतच्या हातात फावडं होतं. दाढी वाढलेली. तो ज्ञानेशकडे न बघता रंभाबाईला म्हणाला, "हिकडं नाय, वयनी. तिकडं. त्या उंडीच्या झाडाच्या मुळाशी."

तिघं झाडाकडे चालत गेले. बळवंत खणू लागला. ज्ञानेशने त्याला थांबवायला पाहिलं, आधी पोलिसांना बोलवू म्हणाला, पण त्याच्या बोलण्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. खड्डा गुडघाभर झाला तेव्हा रंभाबाईने दिराला बाजूला व्हायला सांगितलं आणि ज्ञानेशला म्हणाली की आता लावा.

त्याने चकती खड्ड्यात उतरवली. बारीक, दबलेला आवाज आला. प्रतापच्या पायातला आवाज.

ज्ञानेशने हेडफोनची वायर काढली आणि आवाज सगळ्यांना ऐकू दिला. बळवंत मातीत बसला.

"काठ ढासळला," तो म्हणाला. "आमीच काढला त्याला बाहेर. ठेकेदार म्हनला दवाखान्यात नेला तर पोलीस येतील, सगळे आत जातील. थांबू म्हनला, बघू म्हनला. मी थांबलो." त्याने मुठीतली माती सोडली. "उजाडेपर्यंत जिता होता, वयनी. पानी मागत होता."

रंभाबाईने विचारलं, "दिलंस काय?"

बळवंतने मान हलवली. ती हो होती का नाही, हे ज्ञानेशला कळलं नाही. तिला कळलं असावं. ती उठली आणि पोलिसपाटलाच्या घराकडे चालू लागली, मागे न बघता.

पुढचं सरकारी होतं. पंचनामा झाला, हाडं पालघरला गेली, रंभाबाईने इतकी वर्षं पेटीत ठेवलेला एक्स-रे डॉक्टरांनी सळीशी ताडून पाहिला. बळवंतला अटक झाली. ठेकेदार दोन वर्षांपूर्वीच मेला होता, त्यामुळे जे काही होतं ते बळवंतच्या एकट्याच्या डोक्यावर आलं. ज्ञानेशला जबाब द्यायला दोनदा जावं लागलं. दुसऱ्या वेळी ठाण्याच्या आवारात त्याला बळवंतची बायको शालू भेटली. ती भांडायला आली असेल असं त्याला वाटलं. ती शांत होती.

"तुमचा छंद झाला, भाऊ," ती म्हणाली. "आमी दोघी जावा आजपन एकाच पडवीत निजतो. ती रांधते, मी खाते. बोलायचं काय ते सांगा."

तो जबाब द्यायला आत गेला.

समिधाचं लग्न मे महिन्यात ठरलं. रंभाबाईने निरोप धाडला होता, पण ज्ञानेश गेला नाही. केळव्याला ती पुन्हा बसू लागल्याचं त्याने ऐकलं. कपाळ मोकळं होतं म्हणे, आणि शेंगांचं माप पहिल्यापेक्षा सढळ होतं. तो चिंचणीला जायचा, मशीन न घेता. पण मशीन घेतलं नाही तरी तो दबलेला आवाज कानात असायचा, आणि त्याच्याआड आता पाणी मागणारा एक माणूस होता. कंपनीतल्या त्या दुपारची माणसं त्याच्यामागे रांग लावून उभी राहिली होती.

पेपरात बातमी आली होती, आणि तिने व्हायचं ते झालं. लोक येऊ लागले. वाड्याहून एकजण आला, त्याचा बाप कर्ज नसताना, भांडण नसताना नाहीसा झाला होता. विरारहून दोन भाऊ आले. ज्ञानेश सगळ्यांना एकच सांगायचा, की मशीन हातभर खालचं सांगत नाही आणि त्या गावातही मशीनने काही शोधलं नव्हतं. लोक ऐकून घ्यायचे आणि नंबर ठेवून जायचे. प्रियदर्शिनीने मशीन माळ्यावर टाकलं आणि वर गाद्या रचल्या.

पावसाळा तोंडावर असताना डहाणूकडचा एक गृहस्थ आला. कमलाकांत नाव, चिकूची वाडी होती त्याची. पायातल्या चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवून तो आत आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. त्याची मुलगी वैष्णवी सासरहून नाहीशी झाली होती. सासरचे म्हणत होते, पळून गेली. त्या घरामागे नवीन माती पडलेली त्याने स्वतः पाहिली होती. तो रडत नव्हता. तो फक्त सांगत होता, पुन्हा पुन्हा, पहिल्यापासून.

ज्ञानेशने त्याला नेहमीचं उत्तर दिलं. कमलाकांतने मान डोलावली. वर पंखा फिरत होता.

"पोलिसांत गेलात?" ज्ञानेशने विचारलं.

"गेलो होतो."

स्वयंपाकघराच्या दारात प्रियदर्शिनी चहाचा कप घेऊन उभी होती. ज्ञानेशने तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"अंगावर काय होतं तिच्या?" तो म्हणाला. "धातूचं काय होतं, ते आठवून सांगा."