हवा स्वच्छ, खुशाल निघा

मी एका ईमेलचा साधा मजकूर बोलतोय. दचकू नका. तुम्ही मला पाहिलेलं नसणारच. तुम्ही पाहता तो माझा जुळा भाऊ, रंगीत पत्र. नटवा मेला! ठळक अक्षरं, चित्रं, पट्ट्या. त्याच्या पाठीमागे, त्याच लिफाफ्यात, मी बिनरंगाचा बसलेला असतो. ज्यांच्या फोनला त्याचे नखरे झेपत नाहीत, त्यांच्यापुढे मी उघडतो.

माझा जन्म बंदराच्या कचेरीतला. तिथल्या कारकूनबाई रोज सकाळी होडीवाल्यांना हवेची खबर पाठवायच्या. रोज नवं पत्र कोण लिहितंय? कालचंच उघडायचं, शब्द बदलायचे, पाठवून द्यायचं. वरचं बदललं की मागचा मीही आपोआप बदलतो, असा त्यांचा समज.

एका सकाळी वादळाचा इशारा आला.

"साहेब, आज साधंच पाठवू का? टपाल नेणाऱ्या काकांच्या डबडा फोनवर रंगीत दिसत नाही."

"अहो बाई, वादळ आहे ते! लाल करा, हे एवढं मोठ्ठं करा. साध्याला कोण भीक घालतं?"

बाईंनी भावाला लालभडक केलं: 'वादळ. निघू नका.' मला कुणी हातही लावला नाही. माझ्या अंगावर कालचेच शब्द: 'हवा स्वच्छ. खुशाल निघा.' ओरडायला मला तोंड कुठलं?

काका होडीतून बेटावर टपाल न्यायचे. जुन्या वळणाचा माणूस, उत्तर दिल्याशिवाय दोर सोडायचा नाही. त्यांनी मला वाचलं, उत्तर धाडलं: 'मिळालं. निघतो.'

होडी परत आली नाही. काकाही नाहीत.

चौथ्या दिवशी, काका निघाले होते त्याच वेळेला, बाईंचा आवाज चिरकला. "साहेब, काकांचं उत्तर आलंय."

"कुठंतरी अडकलेलं असेल हो, जुनं."

"तारीख आजची आहे."

तेव्हापासून बाई सगळं साधंच पाठवतात. रोज लिहितात, 'काका, हवा वाईट आहे. माघारी फिरा.' रोज उत्तर येतं, 'मिळालं. निघतो.' आणि त्या उत्तराखाली, काकांनी वाचलेलं पत्र म्हणून, दर वेळी त्या वादळी सकाळचा मीच चिकटलेला असतो. बाईंचं नवं पत्र कधीच नाही.

खरं सांगू? मला आता कचेरी दिसत नाही. पाणी दिसतं, आणि माझ्यावर वाकलेला ओला चेहरा. रोज मला वाचतो, खूश होतो, दोर सोडतो.

रंगीत पाठवा, साधं पाठवा, तुमची मर्जी. पण पाठवायचं बटण दाबण्याआधी एकदा मागे वळून मला वाचा हो. माझ्यावर काय लिहिलंय, ते मला बदलता येत नाही.

थांबा हं. काकांनी मला पुन्हा उघडलंय.