हिरवा दोरा बांधलेलं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे. जाड, निळी, नायलॉनची, आणि एका टोकाला पार उसवलेली. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ एक छोटी शाळा आहे. तिथल्या तिसरी-चौथीच्या वर्गात, खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत मला ताणून बांधलं आहे. माझ्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे आहेत आणि प्रत्येक चिमट्यात एकेक कार्ड लटकलेलं आहे. कार्डावर एक उतारा असतो आणि त्याखाली पाच प्रश्न. तुम्ही माझी गोष्ट वाचायला घेतलीत, हे बरंच झालं. पण खरंच वाचताय की नुसती पानावरून नजर फिरवताय, याची मला शंका आहे. रागावू नका. माझा स्वभावच संशयी आहे, आणि तो कसा झाला ते आधी सांगते.

मी कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला आठवत नाही. एका मोठ्या रिळावर गुंडाळलेली होते, एवढंच डोळ्यांपुढे येतं. तिथून मी दादू तांडेलांच्या बोटीवर आले. जाळ्याच्या वरच्या काठाला मला बांधलं आणि माझ्यात तरंगणारे गोळे ओवले. दादू माणूस चांगला, पण विश्वास म्हणून कशावर ठेवायचा नाही. बोट बंदराबाहेर काढण्याआधी तो प्रत्येक गाठ ओढून बघायचा. आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हातांनी मारलेली गाठसुद्धा ओढून बघायचा. खलाशी त्याची थट्टा करायचे. "दादू, घरात चहा पण वास घेऊनच पितोस काय?" दादू पुढची गाठ धरायचा. अशा माणसाच्या हाताखाली माझी उमर गेली. मग मी भोळी कशी राहणार?

त्या काळात माझं कौतुकही झालं. "ही दोरी हाय तोवर जाळ्याची काळजी नाय," असं दादू चारचौघांत म्हणाला होता. ते ऐकून मी आणखी ताठ झाले. पण ऊन आणि खारं पाणी कुणाला सोडत नाही. माझा रंग उडाला, एक टोक लोखंडावर घासून उसवलं, आणि एके दिवशी दादूने मला कापून धक्क्यावरच्या फाटक्या जाळ्यांच्या ढिगात टाकलं. तिथे मी किती दिवस पडून होते कोण जाणे. शेजारी मासळीचा लिलाव चालायचा, लोक माझ्यावर पाय देऊन जायचे, मांजरं माझ्यावर झोपायची. कुणी मला उचललंच तर ते कशासाठी उचलेल, याचाच मी विचार करत बसायचे. चांगलं काही मनात यायचं नाही.

उचललं ते श्रुती बाईंनी. त्या लांज्याकडच्या, समुद्रापासून लांबच्या. बदली होऊन नुकत्याच या शाळेत आल्या होत्या. वर्गात कार्डं टांगायला त्यांनी सुतळी बांधली होती, ती तुटली होती. एखादी मजबूत दोरी मिळेल का, असं विचारत त्या धक्क्यावर आल्या. दादूने मला ढिगातून काढलं, दोन्ही हातांनी ओढून बघितलं आणि त्यांना दिलं. तेव्हापासून मी शाळेत आहे.

आता वर्गातली पद्धत ऐका. जेवणाच्या सुट्टीनंतर वाचनाचा तास असतो. श्रुती बाई चौथीच्या मुलांना शिकवतात आणि तिसरीची मुलं माझ्यावरून हवं ते कार्ड काढून मनातल्या मनात वाचतात. वाचून झालं की बाईंकडे जायचं आणि पाच प्रश्नांची उत्तरं सांगायची. पाचही बरोबर आली तर भिंतीवरच्या तक्त्यात नावापुढे एक चांदणी. तास संपला की कार्ड परत माझ्यावर.

मला स्वतःला वाचता येत नाही. पण कार्ड निघालं की मी हलकी होते आणि परत लागलं की जड होते. त्यामुळे कोण किती वेळ वाचतं हे माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. नितेश नावाचा एक मुलगा आहे. तो कार्ड काढायचा आणि मी हलकी झाले म्हणेपर्यंत परत लावायचा. उत्तरं त्याने आधीच कुणाला तरी विचारून ठेवलेली असायची. असे आणखी तिघं-चौघं होते. मला पहिल्या आठवड्यातच संशय आला होता, पण मी सांगणार कशी?

शेवटी बाईंनाही संशय आला. त्यांनी एके दिवशी गुपचूप दोन कार्डांवरचे प्रश्न बदलले. नितेशने जुन्या प्रश्नांची उत्तरं घडाघडा म्हणून दाखवली. प्रश्न होता, ससा कुठे लपला, आणि उत्तर आलं, सुगरणीने. वर्ग हसला. बाईंना मात्र हसू आलं नाही. त्या दिवसापासून त्यांची नजर बदलली. मूल उत्तर देऊ लागलं की त्या उत्तराकडे कमी आणि मुलाच्या तोंडाकडे जास्त बघू लागल्या.

एका मुलीवर मात्र त्यांचा विश्वास होता. तिचं नाव मनाली. अबोल मुलगी. तिची पाचही उत्तरं नेहमी बरोबर असायची. आसपासच्या शाळांचा वाचन मेळावा भरणार होता. तिथे प्रत्येक शाळेतून एक मूल जाणार, त्याला कधी न पाहिलेला उतारा देणार आणि त्यावर प्रश्न विचारणार. बाईंनी मनालीचं नाव दिलं होतं. तिच्या आईने, मालनने, धक्क्यावर सगळ्यांना ते सांगितलं होतं.

आणि मग माझ्या अंगावर दोरे दिसू लागले.

पहिला दोरा हिरवा होता, जाळं शिवायचा. मनालीने तो एका कार्डाच्या चिमट्याला बांधला. मी तो लगेच ओळखला. धक्क्यावर लिलावात मासळीची टोपली घेतली की घेणारी बाई आपल्या रंगाचा दोरा टोपलीच्या कडीला बांधते आणि बर्फ नाहीतर टेम्पो आणायला जाते. ती येईपर्यंत त्या टोपलीला कुणी हात लावत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण ते मोडणाऱ्याला धक्क्यावर कुणी उभं करणार नाही. वर्गातली मुलं त्याच वस्तीतली. हिरवा दोरा दिसला की त्या कार्डाकडे कुणी वळेना. हळूहळू इतर मुलांचेही लाल, पिवळे असे दोन-चार दोरे लागले.

मला काही ते बरं वाटेना. धक्क्यावर दोरा बांधून माणूस कुठे जातो ते दिसतं. ही मुलगी कार्ड अडवून कुठे जाते? कुणाला विचारून येते? रोज तास संपेपर्यंत तेच कार्ड हातात, तरी चार-चार दिवस ते अडकवून ठेवायचं आणि पाचव्या दिवशी पाचही उत्तरं बरोबर सांगायची. नितेशपेक्षा ही हुशारीने फसवते, असं मला वाटू लागलं.

बाईंनाही तेच वाटलं. त्यांनी वर्गाला विचारलं, "हे दोरे कसले?" कुणी बोलेना. नितेशला तर वाटलं, एवढी साधी गोष्ट बाईंना ठाऊक नसेल कशी, नक्कीच आपली परीक्षा बघतायत. म्हणून तो नुसता हसला. त्या हसण्याने सगळं बिघडलं. हिरवा दोरा मनालीला बांधताना बाईंनी पाहिलं होतं, म्हणून त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने मान खाली घातली. कुणाला कुठल्या कार्डाची उत्तरं मिळाली आहेत, याची ही खूण असणार, असं बाईंनी ठरवून टाकलं. चिमट्यांना बांधलेले हिरवे दोरे सोडवून त्यांनी टेबलावर ठेवले आणि मालनला निरोप धाडला.

मालन दुसऱ्या दिवशी लिलाव आटोपून आली, तेव्हा बाकीची मुलं मैदानावर होती. साडीचा काठ ओला, कपाळाला आठ्या. शाळेचं बोलावणं म्हणजे काहीतरी बालंट, हे तिच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं.

"हिनं काय केलान?" तिने दारातूनच विचारलं.

"आधी हे बघा," बाई म्हणाल्या. "हे दोरे तुमच्या घरातले आहेत का?"

मालनने एक दोरा बोटांत फिरवून बघितला. "माझेच हायत. घरातना आणलान हिनं."

"म्हणजे तुम्हाला हे माहीत होतं."

"म्हायती काय असायची? दोरा हाय तो. तुम्ही मला चोरीबिरीसाठी बोलावलंत काय?"

दोघी एकमेकींकडे अशा बघत होत्या की मला माझाच स्वभाव दोन माणसांत वाटलेला दिसला. बाईंनी कार्डाचं आणि चिमट्याचं सगळं सांगितलं. मेळाव्याला दिलेलं नाव मागे घ्यावं लागेल, असंही सांगितलं. मनाली भिंतीला टेकून उभी होती.

मालनच्या आठ्या मात्र गेल्या. "अवो बाई, ही तर धक्क्यावरची रीत. टोपली घेतली की दोरा बांधायचा. म्हणजे ही माझी, अजून न्यायची ऱ्हायली हाय, कोण हात लावू नका. एवढाच."

बाईंनी टेबलावरचा दुसरा दोरा उचलून बघितला. पण त्यांचं समाधान झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नव्हतं. "न्यायची राहिली म्हणजे काय?" त्यांनी मनालीला विचारलं. "एक कार्ड वाचायला एक तास पुरत नाही?"



बाईंनी कपाट उघडलं आणि माझ्यावर कधीच न लागलेलं एक कार्ड काढलं. "हे मोठ्याने वाच," त्या म्हणाल्या. "आमच्या समोर."

मनालीने ते बाकावर ठेवलं आणि पहिल्या अक्षराखाली बोट टेकवलं. मित्रांनो, तिचं वाचन मी प्रथमच ऐकत होते. ती एकेक अक्षर जोडत होती. शब्द जमला की पुढचा. वाक्य संपलं की पुन्हा पहिल्यापासून, तेच वाक्य, या वेळी थोडं सलग. ते नीट कळल्याशिवाय पुढच्या वाक्याला हातच लावत नव्हती. शाळा सुटल्याची घंटा झाली. बाहेर मुलांचा गलका झाला आणि विरूनही गेला. उतारा निम्माही झाला नव्हता. मालनचा फोन वाजला, तिने तो न बघताच बंद केला. बाईंनी एकदा तोंड उघडलं होतं, पुढचा शब्द सांगायला, पण त्यांनी ते मिटून घेतलं.

उतारा हरिश्चंद्र नावाच्या माणसाचा होता. त्याची जुनी होडी दाभोळच्या एका माणसाने घ्यायची ठरवली होती. ती न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी हरिश्चंद्राने होडीच्या भेगा बुजवल्या आणि तिला नवा रंग दिला. बायको म्हणाली, उद्या जाणाऱ्या होडीला रंग कशाला? हरिश्चंद्र काही बोलला नाही. एवढाच उतारा.

मनालीने चार प्रश्नांची उत्तरं बरोबर सांगितली. पाचवा प्रश्न होता, हरिश्चंद्राने होडी का रंगवली असेल?

"चांगलं गिऱ्हाईक मिळावं म्हणून," बाईच पुटपुटल्या. त्यांच्याजवळच्या उत्तरांच्या पुस्तिकेत तसंच छापलेलं होतं.

मनालीने मान हलवली. "गिऱ्हाईक आधीच मिळालंय, बाई." तिने बोट उताऱ्यात वर नेऊन त्या ओळीखाली ठेवलं.

बाईंनी वाकून ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. "खरंच की. मग का रंगवली असेल?"

मनालीने बराच वेळ घेतला. "दाभोळच्या लोकांनी तिला नावं ठेवू नयेत म्हणून."

बाई खाली बसल्या, त्या छोट्या बाकावरच, मनालीच्या शेजारी. त्यांचा आवाज उतरला होता. "तुला वाचायला वेळ लागतो हे मला पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस. मी काय म्हणणार होते?"

मनाली कार्डाकडेच बघत होती. "सगळ्यांना वाटत होतं मला येतं," ती म्हणाली. "आयनं पण धक्क्यावर सांगितलान."

मालनने पदर तोंडाला लावला. तिच्या लेकीला जे लपवावं लागलं होतं, त्यात आपलाही हात होता, हे तिला कळलं. मलाही खूप वाईट वाटलं. मी तिच्या कार्डांचा भार इतके दिवस अंगावर घेतला होता आणि ती चार दिवस काय करते हे ओळखू शकले नव्हते. ती वाचत होती. एवढीच साधी गोष्ट होती, म्हणून ती कुणाच्या मनात आली नाही.

मेळाव्याला मनालीच गेली. तिथे काय झालं ते मला नितेशने दुसऱ्या मुलांना सांगताना कळलं, आणि नितेशचं बोलणं मी अजूनही निम्मंच धरते. तो म्हणाला, प्रत्येकाला ठरावीक वेळ होता आणि मनालीचा उतारा अर्ध्यावर असतानाच वेळ संपला. बक्षीस मिळालं नाही. पण वेळ संपला असं सांगितल्यावरही ती थांबली नाही. बोट सरकवत शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेली, आणि श्रुती बाई तोवर उभ्या राहिल्या. हे एवढं मात्र मी पूर्ण खरं धरते.

मित्रांनो, माझा संशयी स्वभाव काही जाणार नाही. या वयात तो कुठे बदलणार? संशय आला तर तुम्हीही जरूर विचारा, पण उत्तर यायला लागेल तेवढा वेळ थांबा. तुमच्या वर्गात कुणी ओळीखाली बोट ठेवून वाचत असेल, तर पुढचा शब्द तुम्हाला येत असला तरी तो त्याच्या आधी म्हणू नका. त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या.