डावीकडं डिस्क, उजवीकडं ड्रम

माणसाला चालायला कुणीही शिकवतो. थांबायला शिकवतो तोच खरा गुरू. हे वाक्य सुधाकरराव सरांनी गुडीहत्नूरच्या समाजमंदिरात पहिल्याच सभेत उच्चारलं आणि त्यानंतर ते स्वतः पाऊण तास थांबले नाहीत.

विषय ब्रेकचा होता. छप्पन्नच्या ऑक्टोबरात ज्या लांब नाकाच्या ट्रकात बसून आसपासच्या गावांतली माणसं दीक्षेला नागपूरला गेली होती, तो ट्रक एका कापसाच्या बंद जिनिंगच्या आवारातून ओढून आणला होता. दीक्षेला पन्नास वर्षं झाली म्हणून निर्मल शहरात मोठी मिरवणूक निघणार होती आणि तिच्या पुढं हा ट्रक चालणार होता. इंजिन सुरू झालं. दिवे लागले. ब्रेक तेवढे नव्हते. आणि गुडीहत्नूरहून निर्मलला जायचं तर नेरडीगोंड्याच्या पुढं घाट उतरावा लागतो.

ट्रक चालवणार चंपतराव. सरकारी बसवर एकतीस वर्षं ड्रायव्हर राहून निवृत्त झालेला माणूस. छप्पन्न साली हाच ट्रक त्यांच्या बापानं, मारोतीनं, नागपूरला नेला होता. म्हणून चंपतराव सभेत उठून म्हणाले होते, "स्टेअरिंगले दुसऱ्या कोनाचा हात लागला तर मी या समाजमंदिराची पायरी चढनार नाई." ते इतिवृत्तात लिहिलं गेलं. त्या दिवशी त्यांना फार बरं वाटलं होतं.

अध्यक्ष सुधाकरराव सर, निवृत्त मुख्याध्यापक, जुन्या ड्रम ब्रेकच्या बाजूचे. "मूळ ट्रकाला ड्रम होते. इतिहासात डिस्क नाही."

सेक्रेटरी उत्तमराव, मंडल ऑफिसातले क्लार्क, नव्या डिस्क ब्रेकच्या बाजूचे. त्यांचा भाचा हैदराबादला मोटारींच्या सामानाच्या दुकानात होता. "सर, इतिहास सपाटीवर ठीक हाये. घाटात ड्रम तापते. तापलं की आपन पाय दाबत राह्यचं अन् गाडीनं चालत राह्यचं."

"अन् तुमची डिस्क?"

"उघडी राह्यते. तिले वारा लागते."

"या वयात उघडं राह्यलं तर सर्दीच होते," सर म्हणाले. त्यांच्या बाजूची माणसं हसली. उत्तमरावांच्या बाजूची हसली नाहीत.

दुसरी सभा झाली, तिसरी झाली. मतं घेतली: अकरा विरुद्ध अकरा. चंपतरावांना मत नव्हतं. ते कार्यकारिणीवर नव्हते.

चौथ्या सभेत तोडगा निघाला. समाजात फूट नको म्हणून पुढच्या डाव्या चाकाला डिस्क आणि उजव्या चाकाला ड्रम. ठराव एकमतानं मंजूर झाला. टाळ्या पडल्या. चंपतरावांनी टाळी वाजवली नाही. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या मिस्त्रीकडं, बाबारावकडं पाहिलं.

"बाबाराव, असं चालते का?"

"लावता तर येते," बाबाराव म्हणाला. "पन डिस्क आधी धरन, डरम मागून धरन. ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढन."

"घाटात दरी कोन्या बाजूनं हाये?" सरांनी विचारलं.

"वळनावळनानं बदलते," चंपतराव म्हणाले.

"मंजे निम्म्या वळनांवर तर काईच प्रश्न नाई," उत्तमराव म्हणाले आणि तसं लिहून घेतलं.

शाळेच्या मैदानावर चाचणी झाली. ब्रेक दाबल्यावर ट्रकनं डावीकडं मान वळवली, तिकडून कुणी ओळखीच्यानं हाक मारावी तशी, आणि मैदानाच्या कडेची हापशी आडवी झाली. सर म्हणाले, "थांबला मात्र."

त्या दिवसापासून लोक चंपतरावांशी फार चांगलं वागू लागले. हॉटेलात त्यांना पंख्याखालची जागा मिळू लागली. तामसी गावचा चुलतभाऊ नागोराव, जो सात वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हता, तो न कळवता आला, तासभर नुसता बसला आणि निघताना दारात म्हणाला, "म्हनलं, भेटून घ्यावं." उत्तमरावांनी फोटो मागितला.

"कायले?"

"स्मरनिकेत टाकाले."

"स्मरनिका तर छापून आली ना?"

उत्तमरावांनी फाईल काखेत मारली. "मंग असू द्या जवळ. मोठा करता येईन असा द्या."

रात्री जेवताना मनकर्णाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "नाई मना ना. काऊन जीव टांगून राह्यले?"

"इतिवृत्तात हाये," चंपतराव म्हणाले.

मिरवणुकीच्या दिवशी सकाळी ट्रकला झेंडूच्या माळा घातल्या. उरलेली एक चंपतरावांना घातली. मागच्या हौद्यात चाळीस माणसं बसायची ठरली होती. सरांची कंबर धरली होती, म्हणून ते बसनं निघाले. उत्तमरावांकडं फाईल होती आणि फाईल उघड्या ट्रकात नेता येत नाही. बाकीचे त्या दोघांना सोबत म्हणून गेले. हौदा रिकामा राहिला. मनकर्णाबाई पदर खोचून केबिनमध्ये चढल्या.

"तू कायले?"

"तुमी एकटेच गेले तर मले सांगन कोन?"

"अन् दोघंबी गेलो तर?"

"मंग कोनी सांगाची गरजच नाई. चला."

इच्चोडा गेलं, नेरडीगोंडा गेलं. चंपतरावांनी गाडी गिअरवरच आवरत आणली, ब्रेकला पाय लावला नाही. दोन्ही बाजूंनी सागवान दाट होत गेलं, सावली रस्त्यावर चढली, मनकर्णाबाईंचं बोलणं आधी कमी झालं आणि मग थांबलं. मागून बस आली. पुढं जाताना खिडकीखिडकीतून कार्यकारिणीनं हात हलवला. बस दिसेनाशी होईपर्यंत हात हलतच होते.

मग घाटाची पाटी आली. पुढचा रस्ता खाली वाकून झाडीत शिरला होता. मनकर्णाबाईंनी डोळे मिटले. चंपतरावांनी पाय नुसता ब्रेकवर ठेवला. दाबला नाही.

ट्रक दोनदा थरथरला. वेग उतरला. इंजिनचा आवाज गेला आणि ट्रक रस्त्याच्या कडेला, उताराच्या दोनशे पावलं अलीकडं, डावीकडं नाही की उजवीकडं नाही, अगदी सरळ उभा राहिला.

"पोचलो का?" मनकर्णाबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

चंपतराव खाली उतरले. चाकाखाली दगड लावला. डावी डिस्क पाहिली, उजवा ड्रम पाहिला. दोन्ही थंडगार. बॉनेट उघडून पाहिलं. मग टाकीचं झाकण काढून आत काडी घातली. काडी कोरडी आली.

चार सभा झाल्या होत्या. डिझेल कुणी भरलंच नव्हतं.